फाटक इतक्या आधी का बंद करतात, आणि मग गाडी फाटकाबाहेर का उभी राहते?

यवतजवळच्या एका गावातून रोज दौंड–पुणे लोकलगाडीने नोकरीला येणाऱ्या एका ताईंचे चार प्रश्न आहेत. गाडीचा पत्ता नसताना गावचं फाटक सात-आठ मिनिटं आधीच का बंद करून ठेवतात? गाडीत बसल्यावर तीच गाडी कुठल्यातरी फाटकाबाहेर शिट्ट्या मारत का उभी राहते? फाटकावर गाडीची ट्रॅक्टर-ट्रकशी धडक झाली तर डब्यात बसलेल्यांना कितपत धोका असतो? आणि त्यांच्या गावचं फाटक कायमचं बंद करून खालून भुयारी रस्ता काढायचं चाललं आहे, त्याला गावाने संमती द्यावी का?

मी मध्य रेल्वेत लोको पायलट होतो. मालगाड्या चालवल्या, नंतर पॅसेंजर आणि मेल चालवल्या आणि शेवटची काही वर्षं लोको इन्स्पेक्टर म्हणून इतरांची गाडी चालवणं तपासलं. फाटकाची भीती इंजिनात बसलेल्या माणसाच्या मनातून कधीच जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. बहुतेक ठिकाणी फाटक आणि सिग्नल एकमेकांना बांधलेले असतात, यालाच इंटरलॉकिंग म्हणतात. दोन्ही बाजूंचे दांडे पूर्ण खाली येऊन कुलूपबंद झाल्याशिवाय फाटकाचा सिग्नल हिरवा होऊच शकत नाही, आणि सिग्नल हिरवा असेपर्यंत दांडे वर उचलता येत नाहीत. गेटमनच्या मर्जीचा त्यात काही संबंध नाही. त्याने कितीही ठरवलं तरी ती यंत्रणा त्याला फाटक उघडं ठेवून गाडी घेऊ देत नाही.

आता गाडीच्या बाजूने बघा. ताशी 110 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात तीस मीटर पुढे जाते. एमर्जन्सी ब्रेक लावला तरी ती थांबायला किलोमीटरभर अंतर घेते. डबे किती, उतार आहे का, रूळ ओले आहेत का, यावर थोडंफार कमी-जास्त. म्हणजे फाटक डोळ्यांना दिसल्यावर ब्रेक लावून काही उपयोग नसतो. म्हणून फाटकाच्या सिग्नलच्या किलोमीटरभर अलीकडे डिस्टंट सिग्नल असतो, काही मार्गांवर त्याच्याही अलीकडे आणखी एक असतो. गाडी पूर्ण वेगात जायची असेल तर लोको पायलटला हे अलीकडचे सिग्नलही हिरवेच दिसले पाहिजेत. याचा अर्थ गाडी अडीच-तीन किलोमीटर लांब असतानाच फाटक बंद आणि कुलूपबंद झालेलं असायला हवं. तुम्हाला रस्त्यावर उभं राहून गाडी दिसत नाही, आवाज येत नाही, आणि दांडा मात्र पडलेला असतो, तो या अडीच-तीन किलोमीटरमुळे.

वेगवान गाडीसाठी हा हिशोब दोन मिनिटांत आटोपतो. लांबते ती मालगाडी. चाळीसच्या वेगाने येणाऱ्या मालगाडीला तीन किलोमीटर कापायला साडेचार मिनिटं लागतात, आणि तिची पावणेसातशे-सातशे मीटर लांबी फाटकावरून निघून जायला आणखी मिनिटभर. तिच्या पाठोपाठ दुसऱ्या बाजूने एखादी एक्स्प्रेस जवळ आली असेल तर मधल्या दीड-दोन मिनिटांसाठी फाटक उघडता येत नाही, कारण उघडलं की रस्त्यावरची तुंबलेली वाहनं आत शिरणार आणि पुन्हा बंद करता येणार नाही. अशाने सात-आठ मिनिटं होतात. पुण्याजवळच्या मांजरी किंवा घोरपडीच्या फाटकाची रांग ज्यांनी भोगली आहे त्यांना हे पटवून घ्यायला जड जाईल, पण त्या रांगेचं कारण हेच होतं.

दुसरा प्रश्न: गाडी का थांबते? बहुतेक वेळा फाटक वेळेवर बंद होऊ न शकल्यामुळे. गेटमनचं काम जवळून पाहिलं तर हे लक्षात येईल. स्टेशनमास्तरचा फोन येतो की अमुक गाडी निघाली. तो रजिस्टरमध्ये वेळ लिहितो, बाहेर येऊन दोन्हीकडे बघतो, भोंगा सुरू करतो आणि विंचचा हँडल फिरवायला लागतो. दांडा खाली यायला लागताच रस्त्यावरच्या प्रत्येकाला घाई सुटते. एक दुचाकी जाते, तिच्यामागे तीन, मग दुधाचा टेम्पो, आणि टेम्पो गेला म्हणून मागची रिक्षा. दांडा कमरेइतका खाली आला तरी लोक मान तिरपी करून, मागे बसलेल्याला वाकवून काढतात. हँडल तसाच चालू ठेवला तर दांडा कुणाच्या तरी डोक्यात बसेल, म्हणून गेटमन थांबतो. ओरडतो. शिव्या खातो. पुन्हा फिरवतो. कधी या झटापटीत दीड-दोन मिनिटं जातात.

तेवढ्यात तिकडे काय झालं? लोको पायलटला डिस्टंट पिवळा दिसला. पिवळा म्हणजे पुढचा सिग्नल लाल असू शकतो, तयारीत राहा. त्याने वेग उतरवायला घेतला. पुढे फाटकाचा सिग्नल लालच आहे, म्हणून गाडी उभी केली आणि लांब शिट्टी दिली. मग फाटक बंद झालं, सिग्नल आला, गाडी निघाली. पण शंभरावरून शून्यावर यायला आणि शून्यावरून पुन्हा शंभरावर जायला जो वेळ लागतो तो फाटकावर गेलेल्या मिनिटापेक्षा कितीतरी जास्त असतो. फाटक एक मिनिट उशिरा लागलं की गाडी चार-पाच मिनिटं मागे पडते, आणि तिच्या मागून येणारीलाही पिवळे सिग्नल मिळायला लागतात. दुचाकीवाल्याने वाचवलेलं एक मिनिट डब्यातल्या हजारभर माणसांच्या वाट्याला पाच मिनिटं होऊन येतं. त्यात त्याच्याच घरातलं कुणीतरी पास काढून बसलेलं असतं, हे मी यवत-केडगाव पट्ट्यात अनेकदा पाहिलं आहे.

एक गोष्ट प्रवाशांना माहीत नसते, म्हणून लोको पायलटवर राग निघतो. फाटकाच्या सिग्नलच्या खांबावर पिवळ्या गोल पाटीत काळं इंग्रजी जी अक्षर असतं. असा सिग्नल लाल असेल आणि हिरवा झालाच नाही, तर दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबून, शिट्टी देत, अगदी सावकाश फाटकापर्यंत जायची मुभा नियमात आहे. तिथे गेटमन हातातली हिरवी झेंडी किंवा दिवा दाखवेल तरच फाटक ओलांडायचं. गेटमन जागेवर नसेल तर फाटकाअलीकडे गाडी उभी करून सहायकाने खाली उतरून आधी फाटक बंद झाल्याची खात्री करायची. तुम्हाला गाडी उगाच रांगत चालली आहे असं वाटतं तेव्हा इंजिनात हे चाललेलं असतं.

एकदा ऊसतोडीच्या हंगामात, केडगावच्या पुढे, संध्याकाळची पॅसेंजर घेऊन जाताना मला असा लाल सिग्नल मिळाला. नियमाप्रमाणे थांबून पुढे सरकलो तर दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर घाईने निघाला होता आणि मागच्या ट्रॉलीतल्या उसाने दांडा मधोमध मोडून टाकला होता. अर्धा दांडा रस्त्यावर पडला होता, रुळांमध्ये उसाच्या कांड्या पसरल्या होत्या. गेटमनने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साखळ्या लावून त्यांना कुलूप घातलं होतं, साखळीच्या मधोमध लाल झेंडी बांधली होती, आणि तो एका हाताने लोकांना मागे सारत दुसऱ्या हाताने मला हिरवी दाखवत उभा होता. साखळीपलीकडे दोनशेएक माणसं. आमच्या डब्यांतून आरडाओरडा. मी माणसाच्या चालीने गाडी काढली. त्या माणसाने दांडा मोडल्याबरोबर आधी स्टेशनला फोन केला होता आणि मग साखळ्या लावल्या होत्या, हा क्रम त्याच्या हाडीमाशी भिनलेला होता म्हणून त्या दिवशी काही झालं नाही. फाटक मोडणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 160 खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आहे. बंद फाटक जबरदस्तीने उघडलं तर तीन वर्षांपर्यंत. गावकऱ्यांनी गेटमनवर दबाव आणून फाटक उघडायला लावणं हेही त्याच वाटेने जातं.

इंटरलॉकिंगवर मी इतका भर देतो त्यामागे कारण आहे. आपल्याकडची फाटकांवरची मोठी दु:खं बघा. फेब्रुवारी 2005 मध्ये नागपूरजवळ कन्हान भागात लग्नाच्या वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली गाडीखाली आली, पन्नासहून जास्त माणसं गेली. एप्रिल 2018 मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगरला शाळेची व्हॅन पॅसेंजरसमोर आली, तेरा मुलं गेली. ही दोन्ही बिनगेटमनची फाटकं होती. कुशीनगरनंतर कामाला वेग आला आणि जानेवारी 2019 अखेर ब्रॉडगेजवरची अशी सगळी फाटकं बंद किंवा गेटमनची झाली. हे मोठं काम झालं. पण जुलै 2025 मध्ये तमिळनाडूत कुड्डलोरजवळ सेम्मनकुप्पमला पुन्हा शाळेची व्हॅन पॅसेंजरखाली आली आणि तीन विद्यार्थी गेले. तिथे गेटमन होता, इंटरलॉकिंग नव्हतं. अशा फाटकावर स्टेशनमास्तर आणि गेटमन फोनवर एकमेकांना प्रायव्हेट नंबर देतात, तो नंबर म्हणजे फाटक बंद केल्याची हमी. ही पद्धत माणसाच्या शब्दावर चालते, सिग्नल त्याला बांधलेला नसतो. त्या अपघातानंतर रेल्वेने कमी रहदारीच्या फाटकांवरही इंटरलॉकिंग आणि सगळीकडे सीसीटीव्ही बसवायचं ठरवलं, ते माझ्या मते वीस वर्षं आधी व्हायला हवं होतं. बळी पडणाऱ्या गाड्या बहुतेक पॅसेंजर असतात याचंही आश्चर्य नको. लहान गावं, शेतरस्ते, साखर कारखान्यांची वाहतूक आणि शाळेच्या व्हॅन ज्या मार्गांवर असतात, तिथेच त्या धावतात.

आता पायी किंवा दुचाकीवरून दांड्याखालून जाणाऱ्यांबद्दल. इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती दुहेरी मार्गाची. पुणे–लोणावळा आणि पुणे–दौंड दोन्ही दुहेरी आहेत, मिरज मार्गाचंही दुहेरीकरण झालं आहे. मिरज मार्गावरच्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या एकेरी रुळाची सवय आहे: गाडी गेली की रस्ता मोकळा. दुहेरी मार्गावर ही सवय जीव घेते. एक गाडी फाटकावरून जात असते, तिचा शेवटचा डबा गेला की लोक दांड्याखालून वाकून पळतात, आणि त्या डब्याच्या आडून दुसऱ्या रुळावरून गाडी येते. तिचा आवाज पहिल्या गाडीच्या आवाजात बुडालेला असतो. लोको पायलटलाही पहिल्या गाडीच्या शेपटीमागून निघणारा माणूस शेवटच्या क्षणी दिसतो. गाडी गेल्यावरही दांडा उचलला नसेल, तर दुसरी गाडी येते आहे असंच समजा.

आणि गाडी अजून लांब आहे हा अंदाज माणसाच्या डोळ्याला करताच येत नाही. समोरून येणारी मोठी वस्तू खऱ्यापेक्षा हळू येते आहे असं डोळ्यांना वाटतं, आणि सरळ रुळावर समोरून बघताना गाडी पुढे सरकते आहे हेच नीट कळत नाही, फक्त ती मोठी होत जाते. त्यात पूर्वीच्या डिझेल इंजिनाचा धडधडाट लांबून ऐकू यायचा. आता विजेच्या गाड्या तितका आवाज करत नाहीत. कानाला इअरफोन असेल तर विचारूच नका.

तिसरा प्रश्न, डब्यातल्यांच्या धोक्याचा. दुचाकी किंवा छोटी कार समोर आली तर शेकडो टन वजनाच्या गाडीला फारसा धक्का बसत नाही, तुम्हाला जाणवतो तो ब्रेक. भरलेला ट्रक, डंपर, उसाची ट्रॉली यांचं तसं नाही. त्यांचा एखादा भाग चाकाखाली गेला तर पुढची चाकं रूळ सोडू शकतात. इंजिनाने ओढलेल्या गाडीत पहिला मार इंजिन खातं. डेमू-मेमू गाड्यांना वेगळं इंजिन नसतं, लोको पायलटची केबिन असते त्याच डब्यात प्रवासीही बसतात, म्हणून पुढचा डबा थोडा जास्त धोक्यात असतो. पण हे ऐकून रोज मागच्या डब्यात जागा धरायची गरज नाही. अचानक ब्रेक लागल्यावर जे जखमी होतात त्यांत दारात लटकलेले, दोन डब्यांच्या मध्ये उभे असलेले आणि डोक्यावरच्या रॅकवरून पडलेल्या सामानाखाली आलेले जास्त असतात. दारातून आत या, हात धरायला काहीतरी ठेवा, रॅकवर लोखंडी पेटी ठेवू नका.

गाडी मध्येच थांबली तर उतरू नका, आणि उतरावंच लागलं तर दुसऱ्या रुळाच्या बाजूने मुळीच उतरू नका. अपघात झाला की लोको पायलट पहिलं काम करतो ते इंजिनाचा पिवळा फ्लॅशर दिवा लावायचं, म्हणजे समोरून दुसऱ्या रुळावर येणाऱ्या गाडीला लांबूनच कळावं आणि तिने थांबावं. पण ती थांबेपर्यंत तो रूळ चालू आहे असंच धरायचं. उत्सुकतेने खाली उतरलेली माणसं दुसऱ्या गाडीखाली आल्याची उदाहरणं आमच्या प्रशिक्षणात शिकवतात.

तुमचं स्वत:चं वाहन फाटकात अडकलं तर? वाहन वाचवायच्या फंदात पडू नका. सगळ्यांना खाली उतरवा, रुळापासून लांब न्या. गाडी येताना दिसली तर ती ज्या दिशेने येते त्या दिशेला तिरकं पळा, म्हणजे धडकेनंतर उडालेले तुकडे तुमच्या अंगावर येत नाहीत. एकाने गेटमनकडे धाव घ्यावी. तो सिग्नल लाल करेल, स्टेशनला कळवेल आणि वेळ असेल तर रुळावर 600 मीटरवर एक आणि 1200 मीटरवर तीन फटाके लावायला पळेल. त्या फटाक्यांवरून चाक गेलं की होणारा आवाज आम्हाला थांबायला सांगतो. गेटमन एकटा असतो, तो एकाच बाजूला पळू शकतो. दुसऱ्या बाजूला तुमच्यातलं कुणी रुळाच्या कडेकडेने गेलं आणि लाल कापड हलवलं तरी चालेल. कापड नसेल तर दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच धरा. रात्री मोबाइलचा टॉर्च जोरजोरात हलवा. या खुणा प्रत्येक लोको पायलटला शिकवलेल्या असतात. फाटकाजवळ त्या फाटकाचा नंबर लिहिलेला असतो, तो आणि जवळचं स्टेशन सांगून 139 वर फोन करा.

शेवटचा प्रश्न गावाच्या संमतीचा. फाटक जाणं हे चांगलंच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जिथे फाटक नाही तिथे फाटकाचा अपघात नाही. पण त्याच्या जागी जो भुयारी रस्ता देतात तो बहुतेक वेळा कमी उंचीचा असतो, आणि अडचणी तिथून सुरू होतात. उसाने भरलेली ट्रॉली, कडब्याचा ट्रक, हार्वेस्टर खालून जात नाही, मग त्यांना लांबचा फेरा. पावसाळ्यात खाली पाणी साचतं, गाळ बसतो, आणि आठवडाभरात शाळेची मुलं, बाया, दुधाचे कॅन घेतलेली माणसं वरून रुळांवरून जायला लागतात. तिथे आता दांडा नाही, गेटमन नाही, आणि गाडी पूर्ण वेगात असते. पूर्वीपेक्षा वाईट. रुळावरून असं जाणं हाही कलम 147 खाली गुन्हा आहे, पण गुडघाभर पाण्यातून मुलांना पाठवणार कोण?

म्हणून ग्रामसभेत सरसकट होकार किंवा नकार देऊ नका. फाटक कायमचं बंद करायला जिल्हा प्रशासनाची संमती लागते, त्यामुळे गावाचं म्हणणं लेखी जाण्याला किंमत आहे. ठरावात आतली उंची मीटरमध्ये मागा आणि कारखान्याच्या हंगामात कुठली वाहनं जातात ते लिहा. पाण्याचा उतार कुठे काढणार, पंप कोण चालवणार, त्याचं वीजबिल कोण भरणार, हे नावानिशी लिहून घ्या. ग्रामपंचायतीवर टाकलं तर दुसऱ्या पावसाळ्यात पंप बंद पडलेला असतो. तोंडाशी छप्पर आणि रस्त्यावर आडव्या जाळीच्या गटारी मागा, निम्मं पाणी तिथेच अडतं. पायी जाणाऱ्यांसाठी बाजूला उंच कट्टा मागा. आणि पहिला पावसाळा पार पडेपर्यंत फाटक गेटमनसह चालू ठेवा, ही अट घाला.

तुमच्या फाटकावर रहदारी जास्त असेल तर उड्डाणपुलाचाही मार्ग आहे. दिवसभरात जाणाऱ्या गाड्यांची संख्या आणि रस्त्यावरच्या वाहनांची संख्या यांचा गुणाकार करून फाटकाची रहदारी मोजतात. तो एक लाखाच्या वर गेला तर पुलाचा दावा भक्कम होतो. ही मोजणी सलग काही दिवस चालते. ती हंगामाच्या दिवसांत, ट्रॉल्या धावत असताना व्हावी, असा अर्ज आधीच देऊन ठेवा; जूनमध्ये मोजली तर तुमच्या फाटकावर निम्मी वाहनंही दिसणार नाहीत.